आकाशवीर एअर मार्शल ॲस्पी इंजिनिअर

कोणत्याही गावाचे मंदिर एकट्याच्या पैशाने उभे राहत नाही. कोणी चिरा देतो, कोणी सिमेंटच्या चार गोण्या देतो, कोणी रोजंदारी बुडवून श्रमदान करतो, तर एखादी विधवा माउली कनवटीची दहाची नोट काढून पावती न घेताच निघून जाते. काम पूर्ण होऊन कळस चढतो, तेव्हा कोणाचा चिरा कोणता हे सांगता येत नाही. परंतु वेळेवर दिलेले दान वाया जात नाही, हे मात्र सर्वांना पटते. जीर्णोद्धाराच्या या स्मरणिकेत एका विमानवीराचे चरित्र देण्याचे कारण हेच आहे. ज्याच्या आयुष्याला एका प्रतिस्पर्ध्याने वेळेवर केलेल्या मदतीमुळे दिशा मिळाली आणि ज्याने पुढे देशाच्या हवाई दलाचे सर्वोच्च पद भूषविले, अशा पुरुषाचे हे चरित्र आहे. त्यांचे नाव एअर मार्शल ॲस्पी मेहेरवान इंजिनिअर.

आपल्या नवापूरहून आगगाडीने सुरतेकडे गेले आणि तेथून पुढे मुंबईच्या वाटेला लागले, की नवसारी, उदवाडा, संजाण अशी पारशी समाजाच्या जुन्या वस्तीची गावे लागतात. इराण सोडून आलेल्या या समाजाने येथील राजाश्रय घेतला आणि दुधात साखर विरघळावी तसा तो या मातीत मिसळून गेला, ही कथा आपल्या भागात लहानथोरांना ठाऊक आहे. संख्येने अगदी थोडा असलेला हा समाज व्यापार, वैद्यकी, कायदा आणि दानधर्म या सर्वच क्षेत्रांत पुढे राहिला. सैन्यातही तो मागे राहिला नाही. अशाच एका पारशी घराण्यात दिनांक १५ डिसेंबर १९१२ रोजी लाहोर येथे ॲस्पी यांचा जन्म झाला. पारशी मंडळींत धंद्यावरून आडनाव पडण्याची रीत आहे. कोणी दारूवाला, कोणी बाटलीवाला, कोणी काँट्रॅक्टर, तसेच हे इंजिनिअर.

ॲस्पी यांचे विमानाचे वेड कराची शहरात वाढीस लागले. त्या काळी विमान ही वस्तू सामान्य माणसाच्या स्वप्नातसुद्धा येत नसे. विमान आवाज करीत डोक्यावरून गेले, तर शेतातील माणसे औत सोडून वर पाहत उभी राहत. कराचीत फ्लाइंग क्लब निघाला, तेव्हा हौशी तरुणांना उडण्याचे शिक्षण मिळू लागले. कोवळ्या वयाच्या ॲस्पींनी ही विद्या झपाट्याने आत्मसात केली. मार्च १९३० मध्ये त्यांनी आर. एन. चावला या सहकाऱ्यासमवेत छोट्या विमानातून हिंदुस्थान ते इंग्लंड असा प्रवास केला. त्यावेळी ॲस्पींचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. आपल्याकडील मुले ज्या वयात एस.एस.सी.चा निकाल हाती घेऊन पुढे काय करावे याचा विचार करतात, त्या वयात हा मुलगा समुद्र आणि वाळवंटे ओलांडून विलायतेला पोहोचला होता.

याच सुमारास आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड हा प्रवास जो हिंदी तरुण प्रथम एकट्याने विमान चालवून पूर्ण करील, त्यास पाचशे पौंड मिळावयाचे होते. अट अशी की, प्रवास एका महिन्याच्या मुदतीत पूर्ण झाला पाहिजे. सदर बक्षिसासाठी तिघे तरुण पुढे आले. पहिले सरदार मनमोहनसिंग, दुसरे जे. आर. डी. टाटा आणि तिसरे आपले चरित्रनायक. मनमोहनसिंग सर्वांच्या आधी निघाले आणि हिंदुस्थानात पोहोचलेही, परंतु वाटेतील अडचणींमुळे त्यांची मुदत टळून गेली. बक्षीस हुकले. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाचे काय होते, ते वेगळे सांगावयास नको.

आता दोघेच उरले. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि ॲस्पी इंग्लंडहून कराचीकडे निघाले. मे १९३० चे दिवस. दोघांची विमाने एकाच जातीची होती. जिप्सी मॉथ असे त्यांचे नाव. लाकडी सांगाडा, त्यावर कापड ताणलेले, वर छप्पर नाही, पुढे एकच इंजिन. वेग तासाला सुमारे १४० किलोमीटर. आज एस.टी.च्या प्रवाशालाही डोक्यावर छप्पर असते. या दोघा तरुणांना ऊन, वारा आणि वाळूचा मारा उघड्यावर बसून सोसावा लागत होता. रेडिओ नव्हता. खालचा रेल्वेमार्ग, नदी, समुद्रकिनारा पाहत पाहत नकाशाच्या आधाराने मार्ग काढावयाचा. तेल संपण्याच्या आत पुढचा तळ गाठावयाचा. नाही सापडला तर जेथे सपाट जमीन दिसेल तेथे उतरावयाचे, अशी सारी तऱ्हा होती.

इजिप्त देशात अलेक्झांड्रिया शहराजवळ अबूकीर नावाचा विमानतळ होता. टाटा तेथे उतरले, तर समोर ॲस्पींचे विमान उभे. ॲस्पी खोळंबून बसले होते. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. ज्यांच्या घरी फटफटी आहे त्यांना हे दुखणे चटकन समजेल. प्लग काजळला की किक मारून मारून पाय दुखतात, परंतु गाडी काही चालू होत नाही. विमानाचेही तसेच. प्लग लहानसा, बोटभर लांबीचा, परंतु तो नसला तर सगळे विमान म्हणजे लाकूड आणि कापड.

टाटांपुढे त्यावेळी दोन मार्ग होते. रामराम करून आपण पुढे निघून जावे, म्हणजे प्रतिस्पर्धी तेथेच अडकून पडेल आणि बक्षीस आपल्या हाती येईल. त्यात कोणताही नियम मोडला जात नव्हता. कोणी त्यांना दोषही दिला नसता. परंतु टाटांनी तसे केले नाही. त्यांनी आपल्या जवळचे जादा प्लग काढून ॲस्पींना दिले. ॲस्पींनीही हात आखडता घेतला नाही. टाटांना पुढे समुद्र ओलांडावयाचा होता, म्हणून पाण्यावर तरंगण्यासाठी वापरावयाचे आपले जाकीट त्यांनी टाटांना दिले. मग एकाने पूर्वेची वाट धरली आणि दुसऱ्याने पश्चिमेची. ॲस्पी कराचीस पोहोचले, त्यानंतर काही तासांच्या फरकाने टाटा इंग्लंडला पोहोचले. आगाखानांचे बक्षीस सतरा वर्षांच्या ॲस्पी इंजिनिअर यांना मिळाले.

हरलेल्या माणसाने जिंकणाऱ्याला स्वतःच्या हाताने जिंकविले, असा हा प्रसंग. पुढे अनेक वर्षांनीही टाटांनी या गोष्टीबद्दल कधी खंत केली नाही. उलट त्या यशामुळे ॲस्पींचा हवाई दलातील प्रवेश सुकर झाला याचे त्यांना समाधान वाटे.

आणि झालेही तसेच. बक्षिसामुळे नाव झालेल्या ॲस्पींना इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील हवाई दलाच्या विद्यालयात प्रवेश मिळाला. तेथे साऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांत त्यांनी उत्तम विमानचालकास मिळणारे ग्रोव्ह्ज स्मृती पारितोषिक पटकावले. हिंदी माणसाला विमान चालविणे जमेल काय, अशी शंका त्या काळी राज्यकर्ते उघड बोलून दाखवीत. त्या शंकेला ॲस्पींनी परस्पर उत्तर दिले.

दिनांक ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी हवाई दलाची स्थापना झाली. त्यानंतर एकाच आठवड्याने, म्हणजे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः विमान चालवून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू तळावर टपाल आणले आणि देशातील विमान वाहतुकीचा पाया घातला. अबूकीरच्या वाळूत भेटलेल्या दोघांपैकी एकाने नागरी विमानसेवा उभी केली आणि दुसरा हवाई दल उभारणाऱ्या पहिल्या फळीत दाखल झाला.

आरंभीचे हवाई दल म्हणजे मूठभर माणसे आणि चार जुनी विमाने. दिनांक १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ द्रिग रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली. सुब्रतो मुखर्जी हे त्या तुकडीतील पहिल्या अधिकाऱ्यांपैकी एक. ज्यांच्या नावाची फुटबॉल स्पर्धा आपल्या शाळांतील मुले दरवर्षी खेळतात तेच हे मुखर्जी. ॲस्पी लवकरच या तुकडीत सामील झाले. वापिटी नावाची दुपंखी विमाने घेऊन या मंडळींनी वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात काम केले. खाली कडेकपारी, उतरण्यास जागा नाही, टोळीवाल्यांच्या बंदुका वर रोखलेल्या. इंजिन बंद पडले तर परत येण्याची आशा थोडीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲस्पींना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

येथे त्यांच्या कुटुंबाविषयी सांगणे अगत्याचे आहे. घरातील एक मुलगा सैन्यात गेला तरी आईबापांचा जीव टांगणीला लागतो. दारी तारवाला आला की आईच्या छातीत धस्स होते. या इंजिनिअर घराण्यातील चार भाऊ हवाई दलात गेले. त्यांपैकी ॲस्पी, मिनू आणि रोहिंटन या तिघांना हेच शौर्यपदक मिळाले. धाकटे बंधू मिनू यांना काश्मीरच्या मोहिमेनंतर महावीर चक्राने गौरविण्यात आले आणि १९७१ च्या बांगला देश युद्धात पश्चिमेकडील संपूर्ण हवाई विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. एकाच घरातील भावांनी एकाच कामाला इतक्या निष्ठेने वाहून घ्यावे, असे उदाहरण विरळाच. मोठ्या भावाने वाट पाडली आणि धाकटे त्या वाटेने चालले. घराचे संस्कार म्हणतात ते याहून वेगळे नाहीत.

पुढे १९४७ साल उजाडले. स्वातंत्र्य आले आणि फाळणीही आली. घरातील भांडी वाटावीत तशी विमाने, हत्यारे, यंत्रे आणि माणसे यांची वाटणी झाली. ज्या द्रिग रोडवर हवाई दलाचा जन्म झाला तो तळ पाकिस्तानात गेला. ॲस्पींचे जन्मगाव लाहोर पाकिस्तानात गेले. जेथे ते उडावयास शिकले आणि जेथे बक्षीस जिंकून उतरले ते कराची शहरही गेले. एकाच ताटात जेवलेले सोबती सरहद्दीपलीकडचे झाले. ॲस्पी यांनी भारताच्या हवाई दलात राहून आपली सेवा पुढे चालू ठेवली. जन्मभूमी नकाशात परदेश झाली, तरी ज्या देशाची शपथ घेतली तो सोडावयाचा नाही, हा त्यांचा निश्चय होता.

नंतरच्या काळात निरनिराळी वरिष्ठ पदे सांभाळून त्यांनी बंगलोर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट या सरकारी विमान कारखान्याचाही कारभार पाहिला. दिनांक ८ नोव्हेंबर १९६० रोजी हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचे टोकियो येथे आकस्मिक निधन झाले. संपूर्ण दलावर दुःखाची छाया पसरली. अशा वेळी दिनांक १ डिसेंबर १९६० रोजी ॲस्पी इंजिनिअर यांनी हवाई दलप्रमुखपदाची सूत्रे हाती घेतली. या पदावर बसणारे ते दुसरे भारतीय होत.

वर्षभरातच गोवामुक्तीचा प्रसंग आला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता बोलणी करून हटेना, तेव्हा डिसेंबर १९६१ मध्ये भारत सरकारने सैन्य धाडले. दिनांक १८ डिसेंबर रोजी पुण्याच्या तळावरून कॅनबेरा विमाने उडाली आणि त्यांनी दाभोळी विमानतळाची धावपट्टी निकामी केली. बेळगावजवळील सांबरा येथून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. नागरी वस्तीला व विमानतळाच्या इमारतीला धक्का लागू नये असे हुकूम होते आणि ते पाळले गेले. या हवाई मोहिमेची धुरा एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. दुसऱ्याच दिवशी गोवा मुक्त झाला. महाराष्ट्राच्या भूमीवरून उडालेल्या विमानांचा यातील वाटा आपण विसरता कामा नये.

परंतु सर्व दिवस सारखे नसतात. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हिमालयाच्या सीमेवर आक्रमण केले. हे युद्ध म्हणजे ॲस्पी यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कठीण परीक्षा. आपल्याजवळ लढाऊ विमाने होती, बाँबफेकी विमाने होती, ती चालविणारे जवान वैमानिक सज्ज होते. तरीही त्यांना हल्ल्याचा हुकूम मिळाला नाही. आपण विमाने वापरली तर चीन कलकत्त्यासारख्या शहरांवर बाँब टाकील, अशी भीती दिल्लीत होती. सीमेवर जवान अपुऱ्या कपड्यांनिशी, अपुऱ्या काडतुसांनिशी लढत होते आणि लढाऊ विमाने तळावर उभी होती. हा निर्णय सरकारचा होता. पण हवाई दलप्रमुखांनी अधिक आग्रह धरावयास पाहिजे होता, असेही पुढे अनेकांनी म्हटले आहे. मोठ्या पदावरील माणसाच्या चरित्रात अशीही पाने असतात आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. ज्याने सारे आयुष्य उडण्यात घालविले, त्याच्यावर युद्धात लढाऊ विमाने जमिनीवर ठेवण्याची वेळ यावी, यापेक्षा मोठे दुःख सैनिकाला कोणते?

जे काम करण्यास मोकळीक होती ते मात्र हवाई दलाने प्राण पणाला लावून केले. युद्धापूर्वीच, जुलै १९६२ मध्ये, स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट जातीचे मोठे विमान उतरविले होते. ही जागा समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या चौपटीहून अधिक उंच आहे. तेथे हवा इतकी विरळ की माणसाला धाप लागते आणि इंजिनाचाही दम निघतो. युद्ध पेटल्यावर रशियन बनावटीच्या अँटोनोव्ह विमानांतून रणगाडे लडाखमधील चुशूल येथे नेऊन उतरविण्यात आले. पूर्वेकडे डाकोटा आणि ऑटर विमानांनी दऱ्याखोऱ्यांत धान्य, दारूगोळा पोहोचविला आणि जखमी जवानांना परत आणले. त्या वैमानिकांनी शत्रूवर एक गोळीही झाडली नाही, तरी त्यांचे शौर्य कमी ठरत नाही. अडलेल्याला वेळेवर शिधा पोहोचविणे हेही युद्धच असते.

पराभवानंतर संरक्षणखात्यात बदल झाला. महाराष्ट्राचे लाडके नेते यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून नोव्हेंबर १९६२ मध्ये दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे त्यावेळी महाराष्ट्रात घरोघरी बोलले जात असे. यशवंतरावांच्या हाताखाली हवाई दल वाढविण्याचे मोठे काम सुरू झाले आणि त्या कामाच्या आरंभी हवाई दलप्रमुख या नात्याने ॲस्पी इंजिनिअर होते. नवे वैमानिक, नवे तळ, नवी विमाने, रडारची साखळी अशा सर्व बाबी हाती घेण्यात आल्या. ध्वनीहून वेगवान असे मिग-२१ विमान १९६३ साली प्रथम आपल्या दलात दाखल झाले.

मिगची गोष्ट आपल्या भागाशी जवळची आहे. नुसती विमाने विकत घेऊन भागणार नव्हते, ती आपल्या देशात तयार व्हावयास हवी होती. त्यासाठी तीन ठिकाणी कारखाने ठरले. इंजिने कोरापूटला, विद्युत उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जोडणी आपल्या नाशिकजवळ ओझर येथे. ओझरच्या माळावर जेथे बाजरी आणि द्राक्षे पिकत, तेथे विमाने बनू लागली. नाशिक आणि खानदेशातील आय.टी.आय. झालेल्या कित्येक तरुणांना त्या कारखान्याने भाकरी दिली आणि कित्येक घरांत पहिला पगार आणला. मिग-२१ विमाने दिनांक २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून सन्मानाने निवृत्त झाली. ओझरचा कारखाना मात्र थांबला नाही. त्याच वर्षी तेथे तयार झालेल्या तेजस विमानाने आकाशात झेप घेतली. मिग आपल्याकडे करावयाचे ठरले त्या काळात हवाई दलाच्या प्रमुखपदी ॲस्पी इंजिनिअर होते, ही गोष्ट ओझरच्या फाटकातून आत जाणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावी.

दिनांक ३१ जुलै १९६४ रोजी ॲस्पी निवृत्त झाले आणि अर्जनसिंग यांनी पदभार स्वीकारला. पुढच्याच वर्षी, १९६५ च्या पाकिस्तान युद्धात, भारतीय हवाई दलास पहिल्याच दिवसापासून लढण्याची मोकळीक मिळाली. मागील पराभवातून घेतलेला धडा आणि त्यानंतरची तयारी दोन्ही तेथे उपयोगी पडली. घर बांधणारा एक आणि त्यात राहणारा दुसरा, असे जगात नेहमीच होते.

निवृत्तीनंतर भारत सरकारने ॲस्पींना इराणमध्ये राजदूत म्हणून पाठविले. ज्या भूमीतून शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या समाजाचे पूर्वज आसरा शोधीत हिंदुस्थानात आले, त्याच भूमीत त्यांचा वंशज स्वतंत्र भारताचा तिरंगा घेऊन मानाने गेला. आसरा देणाऱ्या देशाचे ऋण याहून सुंदर रीतीने कसे फेडावे?

अबूकीरला प्लग देणारे जे. आर. डी. टाटा यांना १९९२ साली भारतरत्न मिळाले आणि १९९३ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले. ॲस्पी इंजिनिअर दिनांक १ मे २००२ रोजी, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, कालवश झाले. महाराष्ट्र दिनाचाच तो दिवस होता. कापडी पंखांच्या विमानापासून ध्वनीला मागे टाकणाऱ्या विमानापर्यंतचा सारा काळ त्यांनी एका आयुष्यात पाहिला आणि त्यातील बराचसा स्वतःच्या हातांनी घडविला.

गावकरी बंधुभगिनींनो, शर्यतीत पुढे असलेल्या माणसाने थांबून मागच्याला हात दिला, म्हणून देशाला एक हवाई दलप्रमुख मिळाला. त्या प्लगांची किंमत बाजारात काही थोडे रुपये असेल, पण ते नेमक्या वेळी दिले गेले. आपल्या गावातही वाडा-वाडा, भाऊ-भाऊ, गट-गट अशी चुरस असते. निवडणुका येतात, हेवेदावे होतात. मंदिराच्या कामात मात्र एरवी एकमेकांशी न बोलणारी मंडळी एकाच पाटीला हात लावताना सर्वांनी पाहिली आहेत. ती पाटी पुन्हा खाली ठेवली जाऊ नये. उद्या कोणाची मोटार बंद पडेल, कोणाचे पीक जाईल, कोणाच्या मुलाची फी अडेल, त्यावेळी तो आपल्या गटाचा आहे की नाही हे न पाहता जो आपल्या पिशवीतील जादा प्लग काढून देईल, त्याच्याच हातून खरा जीर्णोद्धार होईल.

भगवंत आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो, आणि या गावाच्या मुलांचे पंख सदैव मजबूत राहोत, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.